बदली झाली, वर्षं कुठे गेली?

मध्य रेल्वेच्या मुंबई विभागात चौदा वर्षं नोकरी केलेला एक टेक्निशियन स्वतःच्या विनंतीवरून नागपूर विभागात बदलून जातो, असं समजा. आईवडील थकलेत, घर तिकडेच आहे, मुंबईतल्या भाड्याच्या खोलीचा कंटाळा आलाय. ज्या सकाळी तो नागपुरात रुजू होतो, त्या सकाळी एक अजब गोष्ट घडते. तो एकाच वेळी चौदा वर्षांचा जुना असतो आणि एका दिवसाचा नवाही असतो. पेन्शनच्या हिशेबात त्याची चौदाच्या चौदा वर्षं शाबूत असतात. पण ज्येष्ठता यादीत मागच्याच महिन्यात भरती झालेला, अजून ओळखपत्राचा फोटोसुद्धा धड न मिळालेला पोरगा त्याच्या वर असतो.

यात कारकुनाची चूक नाही, अन्यायही नाही. नियम शब्दशः पाळला की असंच होतं. केलेलं काम एकच, वर्षं तीच, पण ती मोजणारी खाती वेगवेगळी. आणि प्रत्येक खात्याला त्या वर्षांकडून हवं असतं ते वेगळं. हे एकदा कळलं की सेवापुस्तकासारखी रुक्ष वस्तू रहस्यकथेसारखी वाचता येते.

रेल्वेच्या आस्थापना नियमपुस्तिकेत ३१०, ३११ आणि ३१२ असे तीन परिच्छेद लागोपाठ येतात. युनियनच्या कुठल्याही शाखेत बसलात तर हे आकडे लोकांना फोन नंबरासारखे पाठ असतात. ३११ म्हणतो, प्रशासनाने आपल्या गरजेसाठी बदली केली असेल, तर तुम्ही त्या ग्रेडमध्ये ज्या तारखेला आलात ती तारीख धरूनच नव्या ठिकाणची ज्येष्ठता ठरेल. ३१२ म्हणतो, बदली तुम्ही मागितली असेल, तर नव्या ठिकाणी त्या ग्रेडमधले जे जे आहेत, कायम असोत की तात्पुरते, त्या सगळ्यांच्या खाली तुमचं नाव लागेल, मागची नोकरी कितीही मोठी असो. रेल्वेतली माणसं याला ‘बॉटम सिनियॉरिटी’ म्हणतात आणि हे दोन शब्द असा उसासा टाकून उच्चारतात की पुढचं काही विचारावं लागत नाही.

म्हणजे दोन माणसं एकाच गाडीने मुंबईहून नागपूरला गेली, एकाच शेडमध्ये, एकाच साहेबापुढे हजर झाली, तरी त्यांच्या ऑर्डरमधल्या अर्ध्या ओळीवर त्यांची पुढची वीस वर्षं ठरतात. एकाच्या ऑर्डरमध्ये ‘प्रशासनाच्या हितासाठी’ लिहिलंय, दुसऱ्याच्या ‘ओन रिक्वेस्ट’. पहिल्याला सामान हलवायचा भत्ता मिळतो, वाटेचे दिवसही मिळतात. दुसऱ्याला भत्ता नाही आणि मधले दिवस स्वतःच्या रजेतून. वर आणखी एक गोम आहे. विनंती बदली साधारणपणे जिथे थेट भरती होते अशा ग्रेडमध्येच मिळते. मधल्या काळात तुम्ही बढती घेऊन एक-दोन पायऱ्या वर गेला असाल, तर भरतीच्या ग्रेडला खाली यायची तयारी लेखी द्यावी लागते. घरी जायचं तर जिना उतरूनच.

एवढा कडक नियम कशासाठी? त्यासाठी नागपूरच्या बाजूने बघायला हवं. ज्येष्ठता म्हणजे रेशनच्या रांगेतला नंबर. तो तुमच्या खिशात नसतो, तो तुमच्या पुढच्या-मागच्या माणसांच्या मध्ये असतो. तुम्ही दुसऱ्या दुकानापुढे जाऊन ‘तिकडे मी तिसरा होतो’ म्हणालात, तर पहाटेपासून तिष्ठत उभा असलेला तिसरा तुम्हाला आत घेईल का? नागपूरच्या टेक्निशियनने बढतीची वाट आठ वर्षं पाहिलेली असते. मुंबईहून आपल्या सोयीने आलेल्या माणसामुळे तो एक घर मागे जाणार असेल, तर विनंती बदली म्हणजे तिथल्या प्रत्येकावर लादलेला दंड ठरेल. गंमत अशी की आलेलाही युनियनचा सभासद, आधीपासून असलेलाही. युनियनला दोघांची वर्गणी घ्यायची असते. म्हणून युनियन या नियमाशी फारशी भांडत बसत नाही. ती भांडते ते ऑर्डर निघूनही माणूस ‘स्पेअर’ होत नाही यावर. बदलीची ऑर्डर हातात, पण जागेवर दुसरा आल्याशिवाय साहेब सोडत नाहीत, असं महिनोन्‌महिने चालतं. युनियन आणि प्रशासनाच्या ‘पीएनएम’ बैठकांतला हा कायमचा विषय आहे. आणि हा उशीर फक्त मानसिक त्रासाचा नसतो. तुम्ही इकडे अडकलेले असताना तिकडे नवी भरती होते, आणि ती सगळी पोरं तुमच्या वर बसतात.

मला सगळ्यात भारी वाटतो तो ३१०, म्हणजे आपसी बदलीचा परिच्छेद. मुंबईवाल्याला नागपूर हवंय, नागपूरवाल्याला मुंबई, दोघांनी अदलाबदल केली. आता ज्येष्ठता कोणाची कोणाला? नियम म्हणतो, तुमची स्वतःची आणि ज्याच्या जागी जाताय त्याची, या दोन्हींपैकी जी खालची असेल ती. वाचताना तिरकस वाटतं, पण जरा गणित करून बघा. २०१० सालचा माणूस २०१६ सालच्या माणसाच्या जागी गेला, तर त्याला २०१६ ची जागा मिळते. उलट बाजूने गेलेल्या २०१६ वाल्याला त्याची २०१६ च मिळते, २०१० ची मिळत नाही. म्हणजे सौद्यात सहा वर्षं हवेत विरून गेली आणि ती कोणालाच मिळाली नाहीत! पण म्हणूनच दोन्ही ठिकाणच्या तिसऱ्या माणसाला धक्का लागत नाही. ज्येष्ठता विकता येऊ नये, हे या एका वाक्याने साधलंय. नाहीतर निवृत्तीला टेकलेल्या ज्येष्ठाने नव्या पोराला आपला नंबर देऊन बदल्यात काही घ्यायला कितीसा वेळ लागला असता?

जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना हे सगळं ओळखीचं वाटेल. त्यांचा संवर्ग जिल्ह्याचा असतो. म्हणून आंतरजिल्हा बदलीने गडचिरोलीहून साताऱ्याला आलेली बाई पंधरा वर्षं वर्ग सांभाळूनही साताऱ्याच्या यादीत शेवटी लागते. तीही जागा मिळायची तर तिथल्या बिंदुनामावलीत, म्हणजे आरक्षणाच्या तक्त्यात, तिच्या प्रवर्गाचा बिंदू रिकामा हवा. पती-पत्नी एकत्रीकरणाचा अर्ज भरताना नवरा-बायको रात्र रात्र बसून हिशेब करतात तो याच गोष्टीचा, की संसार एकत्र येईल, पण मुख्याध्यापकपद कोणाचं जाईल?

आता दुसऱ्या खात्याकडे वळू. यादीत शेवटी गेलेल्या माणसाची आधीची वर्षं खरंच वाया जातात का? सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न नव्वदच्या दशकात सी. एन. पोन्नप्पन यांच्या प्रकरणात आला. सहानुभूतीच्या कारणावरून बदली मिळालेल्या माणसाचं नाव यादीत खाली जाणार हे ठरलेलंच होतं. प्रश्न होता, बढतीसाठी ‘अमुक वर्षांचा अनुभव’ लागतो तेव्हा बदलीआधीची वर्षं धरायची की नाही? न्यायालय म्हणालं, धरायची. यादीतली जागा गेली म्हणून त्या माणसाने ते काम केलंच नव्हतं असं होत नाही. कायद्याच्या भाषेत ज्येष्ठता आणि पात्रता या दोन वेगळ्या गोष्टी ठरल्या. त्यामुळे एक विचित्र दृश्य तयार होतं. यादीत वरचे तिघे पात्रतेची वर्षं भरत नाहीत म्हणून थांबलेत, आणि तळाचा माणूस पात्र आहे पण त्याचा नंबर आलेला नाही.

आणखी एक मजा. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला बढती मिळाली नाही, तर १०, २० आणि ३० वर्षांच्या सेवेनंतर पगाराची वरची पातळी मिळते. या योजनेला सगळे ‘एमएसीपी’ म्हणतात. ती १ सप्टेंबर २००८ पासून आहे. समान पदावर विनंती बदली घेतली असेल, तर या योजनेसाठी जुन्या ठिकाणची नियमित सेवा धरली जाते. म्हणजे आपला नागपूरचा टेक्निशियन बढतीच्या यादीत शेवटचा, पण एमएसीपीच्या यादीत चौदा वर्षांचा. पहिली पातळी त्याला मुंबईतच मिळून गेलेली असेल आणि दुसरी आणखी सहा वर्षांनी नागपुरात मिळेल. त्याच्या वर बसलेल्या नव्या पोराला पहिलीसाठी दहा वर्षं थांबावं लागेल.

पेन्शनचं खातं तर याहून उदार आहे. जुन्या पेन्शन योजनेत दोनच गोष्टी बघितल्या जातात: अर्हताकारी, म्हणजे पेन्शनसाठी धरली जाणारी सेवा किती आणि शेवटचा पगार किती. सेवा कुठल्या विभागात झाली, यादीत कितवा नंबर होता, कोणाच्या खाली बसलात, हे कोणी विचारत नाही. किमान १० वर्षं भरली की निवृत्तीवेतन. एकेकाळी पूर्ण निवृत्तीवेतनासाठी ३३ वर्षं लागायची. ती अट सहाव्या वेतन आयोगानंतर गेली आणि शेवटच्या मूळ पगाराचा निम्मा भाग हे सरळ सूत्र उरलं. आता एकात्मिक पेन्शन योजनेत, म्हणजे १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या ‘यूपीएस’मध्ये, पूर्ण ५० टक्क्यांसाठी पुन्हा २५ वर्षांची अट आली आहे. वर्षांना पुन्हा भाव आला.

मग ज्येष्ठता गमावल्याचा पेन्शनवर काहीच परिणाम नाही? आहे, पण आडवाटेने. बढती उशिरा, म्हणून शेवटचा पगार थोडा कमी, म्हणून त्याचा निम्माही थोडा कमी. टेक्निशियन-३ ची सुरुवात सातव्या वेतन आयोगाच्या लेव्हल २ ला, १९,९०० रुपयांवर होते. सिनियर टेक्निशियन लेव्हल ६ ला, ३५,४०० वर असतो. मुंबईत राहिलेला मित्र वेळेवर बढत्या घेत लेव्हल ६ ला निवृत्त झाला आणि नागपूरवाल्याला एकही बढती मिळाली नाही असं धरलं, तरी तीन एमएसीपींच्या आधाराने तो लेव्हल ५ पर्यंत पोचतो. लोक घाबरतात तितका हा फरक मोठा नाही. माझ्या मते विनंती बदलीत माणूस पैशापेक्षा मान जास्त गमावतो. चाळीस वर्षांच्या माणसाला पंचवीस वर्षांचा पोरगा हुकूम सोडतो, आणि क्वार्टरसाठी पुन्हा नव्याने अर्ज करून नंबर लावावा लागतो. ही टोचणी कोणत्याच नियमपुस्तिकेत मोजलेली नाही.

पेन्शनच्या खात्यात खरा स्फोट होतो तो बदलीने नाही, राजीनाम्याने. सरकारी नियमांत साध्या राजीनाम्याने मागची सगळी सेवा जप्त होते. वीस वर्षं असोत की पंचवीस, शून्य. पण तोच माणूस रीतसर परवानगी घेऊन, कार्यालयामार्फत अर्ज करून दुसऱ्या सरकारी नोकरीत गेला, तर तो ‘तांत्रिक राजीनामा’ ठरतो आणि मागची वर्षं सोबत येतात. कागद दोन्हीकडे एकच, सहीही तीच. फरक ‘योग्य मार्गाने’ या शब्दांचा. आणि या शब्दांची किंमत २००४-०५ नंतर अचानक शंभरपट वाढली, कारण केंद्रात १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्र शासनात १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन मिळेनाशी झाली. या तारखांआधी लागलेला आणि नंतर योग्य मार्गाने दुसऱ्या खात्यात गेलेला माणूस जुन्या पेन्शनमध्ये राहतो. घाईत राजीनामा खरडून गेलेला नव्या योजनेत पडतो. मार्च २०२३ मध्ये राज्यातले लाखो कर्मचारी ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत संपावर गेले होते, तेव्हा टीव्हीवर मोर्चे सगळ्यांनी पाहिले. पण त्याच कार्यालयांत शेजारशेजारच्या टेबलांवर बसलेले, सारखंच काम करणारे दोन कारकून एका तारखेमुळे दोन वेगळ्या म्हातारपणांकडे निघालेत, हे फार थोड्यांनी पाहिलं.

आतापर्यंत एका माणसाची बदली पाहिली. आख्खं खातंच बदललं तर? १ ऑक्टोबर २००० रोजी दूरसंचार खात्याचा कारभार भारत संचार निगम या नव्या कंपनीकडे गेला. लाईनमन त्याच खांबावर चढला, ऑपरेटर त्याच बोर्डापुढे बसली, पण मालक बदलला होता. त्याआधी सप्टेंबरमध्ये दूरसंचार कर्मचारी संघटनांनी संप केला. मागणी साधी होती: आमची पेन्शन कोण देणार ते लिहून द्या. कंपनी उद्या बुडाली तर? त्यातून पेन्शन नियमांत ३७-अ हे नवं कलम आलं. कंपनीत सामावून घेतलेल्यांची सरकारातली आणि कंपनीतली सेवा एकत्र मोजायची आणि पेन्शन सरकारनेच द्यायची, असं त्यात ठरलं. पुढे कंपनीची काय अवस्था झाली, २०१९-२० मध्ये ७८ हजारांवर लोकांनी स्वेच्छानिवृत्ती कशी घेतली, हे आठवलं की त्या संपातल्या लोकांच्या दूरदृष्टीला सलाम करावासा वाटतो. संप पगारवाढीसाठी होतात असा आपला समज. हा झाला होता वीस वर्षांनंतरच्या एका सहीसाठी.

असा लेखी शब्द नसेल तर काय होतं, त्याचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. २००१ साली अमेरिकन एअरलाइन्सने टीडब्ल्यूए ही जुनी विमान कंपनी घेतली. तिच्या हवाई सेविकांची नावं अमेरिकनच्या ज्येष्ठता यादीच्या तळाशी सरसकट चिकटवण्यात आली, पंचवीस-तीस वर्षं उडालेल्यांचीसुद्धा. तिथे या प्रकाराला ‘स्टेपल करणं’ म्हणतात. मग ११ सप्टेंबरचा हल्ला झाला, विमानं रिकामी उडायला लागली, कपात आली. आणि कपात तळापासून होते. २००३ पर्यंत टीडब्ल्यूएच्या जवळजवळ सगळ्या हवाई सेविका घरी बसल्या. टीडब्ल्यूएचा मोठा तळ मिसूरी राज्यात होता. तिथल्याच मॅकास्किल आणि बाँड या दोन सिनेटरांनी २००७ साली कायदा करून घेतला, की विमान कंपन्या एकत्र होताना ज्येष्ठता याद्या न्याय्य रीतीने जुळवाव्या लागतील आणि जमलं नाही तर लवादाकडे जावं लागेल.

कपात तळापासून, हा नियम आपल्याकडेही आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने ‘शेवटी आला तो आधी जाईल’ हे तत्त्व कारखान्यांना घालून दिलं. त्याच कायद्याने कारखाना विकला गेला तर कामगारांची सेवा अखंड धरावी, अटी आधीपेक्षा वाईट नसाव्यात, नाहीतर भरपाई द्यावी, असंही सांगितलं. आणि महाराष्ट्राने १९७१ च्या आपल्या कामगार संघटना मान्यता कायद्यात एक फार मार्मिक गोष्ट लिहून ठेवली: धोरणाच्या नावाखाली दुष्ट हेतूने कामगाराची बदली करणं ही अनुचित प्रथा आहे. युनियनच्या कार्यकर्त्याला पुण्याहून कोलकात्याला पाठवला की शाखा आपोआप थंडावते, हे गुपित ज्यांनी मुंबईच्या गिरण्या आणि ठाण्याचे कारखाने जवळून पाहिले त्यांना ठाऊक होतं. पुढे केंद्राच्या कायद्यातही हेच कलम आलं.

आता राहिले ज्यांचा पीएफ कापला जातो असे खासगी नोकरदार. त्यांची पेन्शन म्हणजे १९९५ ची कर्मचारी पेन्शन योजना. तिचं सूत्र पाठ करण्यासारखं आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पगाराची मर्यादा १५,००० रुपये. ३३ वर्षं केली, २० वर्षांवर गेल्याबद्दल २ बोनस मिळाली, तर १५,००० गुणिले ३५ भागिले ७०, म्हणजे महिना ७,५००. तुटपुंजं आहे, वाद नाही. पण या सूत्रात काय नाही ते बघा. तुमच्या नावावर किती पैसे जमा झाले, ते यात कुठेच नाही. फक्त पगार आणि वर्षं. त्यामुळे नाशिकची नोकरी सोडून चाकणला आलेला कामगार पीएफ वर्ग करतो आणि पासबुक उघडतो, तेव्हा पीएफचे पैसे आलेले दिसतात, पण पेन्शनच्या रकान्यात शून्य. लोक घाबरून पीएफ कार्यालयात खेटे घालतात. तिथे शून्यच दिसायला हवं! पेन्शनमध्ये पैसे वर्ग होत नाहीत, वर्षं वर्ग होतात.

आणि ती वर्षं लोक आपल्या हाताने पुसतात. पाच वर्षं नाशिक, पाच वर्षं चाकण. मध्ये फॉर्म १०-सी भरून पेन्शनचे काही हजार काढून घेतले, तर नाशिकची पाच पुसली जातात, चाकणची पाचच उरतात आणि पेन्शन नाही. तीच वर्षं वर्ग केली तर दहा होतात आणि वयाच्या ५८ व्या वर्षापासून जन्मभर पेन्शन सुरू होते. शिवाय १ सप्टेंबर २०१४ नंतरचा नियम असा, की पहिल्यांदा लागताना मूळ पगार १५,००० च्या वर असेल तर तुम्हाला या योजनेत घेतच नाहीत. म्हणजे एकदा पैसे काढून बाहेर पडलात आणि पुढची नोकरी चांगल्या पगाराची लागली, तर मागचं दार बंद. नोकरी सुटून मध्ये खंड पडणार असेल, तर पैशाऐवजी स्कीम सर्टिफिकेट मागा. त्यात तुमची वर्षं जपून राहतात.

सरकारी नोकरीत असाल तर आणखी एक काम करा. केंद्र सरकारच्या पेन्शन नियमांत सांगितलंय, की सेवेला १८ वर्षं पूर्ण झाल्यावर आणि निवृत्तीच्या ५ वर्षं आधी कार्यालयाने तुमची अर्हताकारी सेवा तपासून तसं प्रमाणपत्र द्यायचं असतं. बहुतेकांना ते मिळत नाही, कारण बहुतेक जण ते मागत नाहीत. तुमच्या दोन-तीन बदल्या झाल्या असतील, तर उद्याच अर्ज करा आणि प्रत्येक बदलीचा कार्यमुक्त आदेश, रुजू अहवाल आणि ‘विनंतीवरून’ की ‘प्रशासकीय’ हे लिहिलेलं पान यांच्या प्रती घरच्या फायलीत लावून ठेवा.